पठाणी व्याज आणि वेस्टरवाल्डचा रायफायझन

अब्बा सेक्रेटरी होते. गावच्या विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचे गटसचिव, पण कागदावरचं हे लांबलचक नाव कुणी वापरत नसे. लोक त्यांना ‘सेक्रेटरी भाऊसाहेब’ म्हणत. तीन गावांच्या सोसायट्या त्यांच्याकडे होत्या. मार्चअखेर जवळ आला की आमच्या घरात खतावण्या आणि कर्जाच्या बाँडांचे गठ्ठे पसरलेले असत, आणि अम्मी त्यावर कुणाचा पाय पडू देत नसे.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या कचेरीत जाऊन बसायचो. एकदा एक शेतकरी, अब्बा त्यांना तात्या म्हणत, पीककर्जाची चौकशी करायला आले. गावातल्या एका सावकाराकडून त्यांनी पैसे उचलले होते आणि व्याजानं बेजार झाले होते. बोलता बोलता म्हणाले, “पार पठाणी व्याज लावलंय हो त्यानं.” मग एकदम थांबले. अब्बांकडे पाहिलं आणि “म्हंजी आपलं तसं नव्हं...” असं काहीतरी पुटपुटले. अब्बांनी कागदावरची नजर न काढता विचारलं, “तात्या, ऊस किती एकर आहे?”

तो सावकार तात्यांच्याच भावकीतला होता.

हे दोन शब्द माझ्या डोक्यात बरीच वर्षं राहिले. आमचं घराणं पठाणांचं नाही, पठाण सावकार मी आयुष्यात पाहिलेला नाही. तरी शब्द उच्चारला की नजर आमच्याकडे वळते, हे मला त्या वयात कळलं. पुढे अब्बांच्या ट्रंकेत त्यांचं सहकार प्रशिक्षणाचं जुनं पुस्तक सापडलं. त्यात पहिल्याच प्रकरणात एका जर्मन माणसाचं नाव होतं आणि त्याखाली अब्बांनी पेन्सिलीनं दोनदा रेघ मारली होती. अब्बा त्याला ‘रायफेसन’ म्हणत. फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझन. शेतकऱ्याचा मुलगा, तोफखान्यातला शिपाई, खेड्यांचा कारभारी आणि शेवटी बँकवाला. त्याच्याबद्दल वाचत गेलो तसा मी पुन्हा त्या ‘पठाणी’ शब्दापाशीच येऊन पोहोचलो. कसा, ते सांगतो.

रायफायझनचा जन्म ३० मार्च १८१८ चा. गाव हम्म, झीग नदीच्या काठचं. ऱ्हाईनच्या पूर्वेला वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथलं. जमीन हलकी, हिवाळा लांब, वाटण्या होऊन होऊन शेतांचे तुकडे झालेले. आपल्या माणदेशातल्या माणसाला थंडी सोडली तर बाकी सगळं ओळखीचं वाटेल. नऊ भावंडांत हा सातवा. वडील शेती करायचे आणि काही काळ गावचे ब्युर्गरमाइस्टर होते. मराठीत याला महापौर म्हटलं तर मुंबईचा महापौर डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात हा अनेक खेड्यांचा मिळून एक सरकारी कारभारी, आपला पाटील आणि मामलेदार यांच्या मधला कुणीतरी. पण मुलगा लहान असतानाच वडिलांचं पद गेलं, संसाराचा भार आईवर आला आणि घरात पैसा राहिला नाही. वरच्या शाळेत धाडण्याइतकी ऐपत नव्हती. गावचे पाद्री झाइपेल यांनी जे शिकवलं तेवढंच शिक्षण.

अशा घरातला मुलगा जिथे जातो तिथेच तो गेला. १८३५ साली, सतराव्या वर्षी, प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाला. कोलोन, मग कोब्लेन्झ, मग झाइनचा ओतशाळेचा कारखाना. लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. त्या वर्षांत प्रशिया मोठ्या युद्धात नव्हताच. त्याच्या वाट्याला आला डोळ्यांचा आजार. १८४३ मध्ये त्यामुळे फौज सोडावी लागली. पंचविशीचा माणूस, हातात दुसरा हुन्नर नाही आणि नजर मंदावत चाललेली. फौजेतून बाहेर पडलेल्यांना प्रशियात सरकारी कारकुनीत घेत, तसं त्याला घेतलं गेलं. दोनच वर्षांत, १८४५ मध्ये, वायरबुश या ठिकाणचा ब्युर्गरमाइस्टर म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी रेमागेनच्या एका औषधविक्रेत्याची मुलगी एमिली श्टॉर्क हिच्याशी लग्न झालं.

आणि लगेच दुष्काळ पडला. १८४५ पासून युरोपभर बटाट्यावर रोग आला होता. आयर्लंडमध्ये काय झालं ते सर्वांना माहीत आहे, पण ऱ्हाईनच्या खेड्यांतही उपासमार होती. १८४६ चं धान्याचं पीकही बुडालं. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वायरबुशच्या लोकांकडे भाकरीला पीठ नव्हतं. सरकारनं आपल्या कोठारातून पीठ द्यायचं कबूल केलं, पण अट घातली की रोख पैसे घेऊनच वाटायचं.

मला या माणसाबद्दल आदर वाटू लागला तो इथे. ज्याच्याकडे रोख आहे तो उपाशी का असेल? नव्या नोकरीतल्या या कारभाऱ्यानं वरचा हुकूम बाजूला ठेवला आणि पीठ उधारीवर दिलं. वसुलीची जबाबदारी घ्यायला त्यानं गावातल्या सुखवस्तू लोकांना गोळा केलं, त्यांच्याकडून पैसे उभे केले, एक सामाईक भट्टी बांधली आणि तिथे भाजलेला पाव बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास विकायला सुरुवात केली. ‘ब्रोडफेराइन’ म्हणजे पाव-मंडळ. पुढच्या पेरणीसाठी बियाणंही एकत्र खरेदी केलं. पुढे जी बँक जगभर पसरली तिची सुरुवात भट्टीपासून आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं.

१८४८ मध्ये बदली झाली फ्लॅमर्सफेल्डला. तिथे प्रश्न गुरांचा होता. गरीब शेतकऱ्याकडे गाय नसे. व्यापारी त्याच्या गोठ्यात आपली गाय बांधायचा. चारा-पाणी शेतकऱ्याचं, शेण आणि थोडं दूध त्याला, वासरू आणि विक्रीचा नफा मात्र वाटून जायचा, आणि वाटणी कशी करायची हे व्यापारी ठरवायचा. आपल्याकडे शेळ्या-गुरं वाट्यानं देतात तसंच. पुन्हा बियाण्याला, सारा भरायला, लग्नाला पैसे लागले तर त्याच व्यापाऱ्याकडून कर्ज. १८४९ मध्ये रायफायझननं साठेक सधन लोकांचं एक मदत मंडळ काढलं. या साठ जणांनी आपली सगळी मालमत्ता जामीन ठेवून पैसे उभे केले, गुरं खरेदी केली आणि शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांनी दिली.

१८५२ मध्ये तो नॉयवीडजवळच्या हेडेसडॉर्फला गेला. तिथल्या मंडळाचं नाव तर उघडच ‘धर्मादाय मंडळ’ होतं. गुरं, कर्ज, अनाथ मुलांची सोय, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय, असं सगळं त्यात होतं. हेतू नेक होता, आणि तरी ते ढासळत गेलं. श्रीमंत सभासद कंटाळले. दुसऱ्याच्या कर्जाला आपली जमीन कायम अडकवून ठेवायला किती दिवस कुणाचं मन राहणार? आणि घेणाऱ्यांना तरी काय, देणारे वेगळे, आपण वेगळे. मंडळ बुडालं तरी त्यांचं काही जात नव्हतं.

रायफायझन श्रद्धाळू ख्रिस्ती होता. श्रीमंतानं गरिबाला मदत करावी हे त्याच्या धर्मात बसत होतं आणि त्याच्या स्वभावातही. म्हणून ही कल्पना सोडायला त्याला जड गेलं. पंधरा वर्षं तो तिला चिकटून राहिला. अखेर १८६२ मध्ये अनहाउझेनला आणि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला त्यानं रचना उलटी केली. आता कर्ज घेणाराच सभासद, सभासदच जामीन, आणि तोच मालक. आपल्याकडे सहकाराच्या भाषणांत रायफायझन जन्मापासूनच सहकारमहर्षी असल्यासारखा येतो. खरं म्हणजे खैरात पुरत नाही हे पटायला त्याला चाळिशी उलटावी लागली.

ही रचना चालायची कशी, ते नीट सांगायला हवं, कारण सगळी खुबी तिथेच आहे. पतसंस्थेचं क्षेत्र एका चर्चच्या गावकीएवढं. त्यामुळे कोण दारू पितो, कुणाचा बैल आजारी आहे, कोण शब्दाला जागतो हे सगळ्यांना ठाऊक. प्रत्येक सभासदाची जबाबदारी अमर्याद, म्हणजे संस्था बुडाली तर ज्याच्या त्याच्या शेवटच्या गायीपर्यंत वसुली होऊ शकते. हे ऐकायला भयंकर वाटतं. पण याच एका अटीमुळे शहरातला पैसेवाला, जो एकट्या शेतकऱ्याला दारात उभं करत नव्हता, तो साठ शेतकऱ्यांना मिळून कमी व्याजानं पैसे द्यायला तयार झाला. आणि याच अटीमुळे प्रत्येकजण दुसऱ्याच्या कर्जावर नजर ठेवू लागला. चालवणारे बिनपगारी, फक्त हिशेबनिसाला मोबदला. नफा वाटायचा नाही. तो राखीव निधीत जायचा आणि तो निधी कधीच कुणाला वाटून घेता यायचा नाही. कर्ज पेरणीच्या, गुरांच्या कामासाठी आणि पीक हाती येईपर्यंतच्या मुदतीचं.

जर्मनीतले दुसरे मोठे सहकारवाले शुल्झे-डेलिच यांना हे मान्य नव्हतं. ते शहरातल्या कारागिरांत काम करत. लोकांकडून भाग भांडवल घ्या, त्यावर लाभांश द्या, कर्ज अल्प मुदतीचं ठेवा, असं त्यांचं म्हणणं. दोघांत मोठा वाद झाला. माझं झुकतं माप रायफायझनकडे आहे, कारण तीन महिन्यांत कारागिराची खुर्ची तयार होते, शेतकऱ्याची गाय तीन महिन्यांत काहीच देत नाही.

या सगळ्या काळात त्याच्या घरात काय चाललं होतं? एमिलीला सात मुलं झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली. १८६३ मध्ये एमिलीही गेली. रायफायझन स्वतः आजारी पडला, नजर आणखी गेली आणि १८६५ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याला नोकरीतून निवृत्त केलं गेलं. निवृत्तिवेतनात घर भागेना. शेतकऱ्यांना स्वस्त कर्ज मिळवून देणाऱ्या या माणसानं पोटासाठी आधी सिगारचा कारखाना काढून पाहिला, मग दारूचा, म्हणजे वाइनचा, व्यापार केला. १८६८ मध्ये त्यानं एका विधवेशी दुसरं लग्न केलं.

पण त्याच्या कामाचा खरा आधार होती थोरली मुलगी अमाली. १८४६ चा तिचा जन्म, भुकेच्या त्या हिवाळ्याच्या तोंडावरचा. बाप दिसेनासा होत गेला तशी ती त्याचे डोळे झाली. पत्रं ती वाचायची, उत्तरं ती लिहायची, हिशेब ती तपासायची. १८६६ साली रायफायझनचं पतसंस्थांवरचं पुस्तक निघालं, तेही त्यानं तोंडानं सांगितलं आणि तिनं लिहून घेतलं. ती विशीतली होती. त्या पुस्तकाच्या त्याच्या हयातीत पाच आवृत्त्या झाल्या आणि ते वाचून इतर मुलखांत संस्था निघाल्या. अमालीनं लग्न केलं नाही. बाप गेल्यावर ती नऊ वर्षं जगली. सहकाराच्या इतिहासात तिला एक-दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. एका कुटुंबवत्सल माणसाचं चरित्र लिहिताना त्याच्या कुटुंबानं काय दिलं हे बहुतेक वेळा असंच वगळलं जातं.

१८७२ मध्ये नॉयवीडला गावोगावच्या पतसंस्थांची मिळून एक बँक झाली. एका गावात जास्तीचा पैसा असेल तो दुसऱ्या गावाला जावा, यासाठी. आपली जिल्हा बँक, तिच्या वर राज्य बँक, हा सांगाडा इथला. ११ मार्च १८८८ रोजी, सत्तरी पुरी व्हायला तीन आठवडे कमी असताना, रायफायझन वारला.

इथपर्यंतचं सगळं अब्बांच्या पुस्तकात थोडक्यात होतं. जे नव्हतं ते मला नंतर सापडलं.

वेस्टरवाल्डमधले गुरांचे व्यापारी आणि खेड्यातले सावकार यांत ज्यू बरेच होते. रायफायझनच्या लेखनात आणि १८८० च्या दशकात त्याच्या चळवळीच्या पत्रकात ज्यूंबद्दल विखारी भाषा आहे. शेतकऱ्याला लुबाडणारा म्हणजे ज्यू, असं सरळ समीकरण. २०१८ मध्ये त्याची द्विशताब्दी साजरी झाली, त्या सुमारास जर्मनीतल्या काही अभ्यासकांनी ही पानं पुन्हा पुढे आणली. काहींना ते रुचलं नाही. मला मात्र हे वाचून आधी वाईट वाटलं आणि मग प्रश्न पडला की ज्यू गुरांच्या आणि पैशाच्या धंद्यात का होते?

कारण दुसरं काही करू दिलं जात नव्हतं. शतकानुशतकं जर्मन मुलखात ज्यूंना शेतजमीन घेण्यास बहुतेक ठिकाणी मज्जाव होता, कारागिरांच्या श्रेण्यांत प्रवेश नव्हता. चर्चनं ख्रिस्ती माणसाला व्याज घेण्यापासून रोखलेलं होतं, तेव्हा गरज भागवायला कुणीतरी लागतच होतं. १८०८ मध्ये नेपोलियननं एक फर्मान काढलं. त्यानुसार ज्यू व्यापाऱ्यानं धंद्यासाठी दरवर्षी परवाना घ्यायचा आणि त्यासाठी वागणुकीचा दाखला आणायचा. फर्मान दहा वर्षांचं होतं. ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर फ्रेंच गेले, प्रशिया आला, आणि १८१८ मध्ये, म्हणजे रायफायझनच्या जन्मवर्षी, प्रशियानं ते पुढे चालू ठेवलं. धंद्याच्या इतर वाटा बंद करायच्या आणि उरलेल्या एकाच वाटेवर चालतो म्हणून शिवी द्यायची, हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही.

आणि शिवी शिवीवर थांबत नाही. रायफायझन गेला त्याच सुमारास शेजारच्या हेसेन भागात ओटो ब्योकेल नावाचा पुढारी ज्यूविरोधी प्रचार करत शेतकऱ्यांत लोकप्रिय झाला. १८८७ मध्ये तो मारबुर्गमधून संसदेत निवडून गेला. त्यानं शेतकरी संघटना काढली, सहकारी संस्था काढल्या आणि ज्यूंना बंदी असलेले गुरांचे बाजार भरवले. रायफायझननं असं काही केलं नव्हतं, हेही सांगायला हवं. पण १९३३ नंतर नाझींनी शेतीच्या सगळ्या सहकारी संस्था आपल्या एका छत्राखाली ओढल्या तेव्हा ती जुनी भाषा त्यांना आयती मिळाली.

मला यातली सर्वांत मोठी विसंगती वेगळीच वाटते. रायफायझनच्या स्वतःच्या कामानं त्याचं हे मत खोटं पाडलं होतं. एकट्या, तारण नसलेल्या शेतकऱ्याला दिलेलं कर्ज बुडण्याची भीती मोठी, म्हणून व्याज मोठं. आणि खेड्यात पैसे देणारा एकच, म्हणून त्याची मनमानी. साठ जण एकमेकांना जामीन राहिले आणि व्याज खाली आलं. सावकाराची जात-धर्म न बदलता खाली आलं. हे ज्यानं करून दाखवलं त्यालाच ते दिसलं नाही. डोळ्यांचा आजार हे त्याचं कारण नव्हतं.

आता आपल्या मुलखाकडे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं फोडली आणि कर्जखतं जाळली. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत आपण हे शिकतो. नगर जिल्ह्यातही ते पसरले. सरकारनं आयोग नेमला. त्या आयोगाच्या अहवालात एक निरीक्षण आहे, जे शाळेच्या पुस्तकात येत नाही. मार खाणारे जवळपास सगळे मारवाडी आणि गुजर सावकार होते. ज्या गावात त्यांच्याबरोबर ब्राह्मण किंवा इतर जातींचे सावकारही होते तिथे बहुधा मारवाडी-गुजरांनाच हात लावला गेला. व्याज सगळेच घेत होते. बाहेरचा कोण हे आधी ठरलेलं होतं.

१८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, त्यानं कोर्टातली जप्ती थोडी अवघड झाली, पण पेरणीला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तसाच राहिला. विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. हिंदुस्थान सरकार अनुकूल होतं, लंडननं ती नाकारली. मग मद्रासचे एक सनदी अधिकारी फ्रेडरिक निकल्सन युरोपातल्या पतसंस्थांचा अभ्यास करून आले. १८९५ आणि १८९७ मध्ये त्यांच्या अहवालाचे दोन खंड निघाले. गावोगाव एखादा रायफायझन शोधून काढायला हवा, असा त्यांचा निष्कर्ष. त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. ग्रामीण संस्थेत चार-पंचमांश सभासद शेतकरी हवेत आणि जबाबदारी अमर्याद हवी, हे त्यात वेस्टरवाल्डहून जसंच्या तसं आलं. १९०५ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यात गदगजवळ कणगिनहाळला सिद्दनगौडा पाटलांनी पहिली शेती पतसंस्था काढली. १९११ मध्ये मुंबईत विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी मध्यवर्ती बँक उभी केली. तीच आजची राज्य सहकारी बँक.

तरी सावकार हटला नाही. १९५४ मध्ये गोरवाला समितीची ग्रामीण पतपाहणी प्रसिद्ध झाली तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास होता आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के. या ७० टक्क्यांतही सगळे धंदेवाईक सावकार नव्हते. एकूण कर्जाचा जवळपास चौथा हिस्सा ‘शेतकरी सावकारां’चा होता, म्हणजे गावातलेच, ज्यांच्याकडे जमीन जास्त आहे असे. तात्यांच्या भावकीतल्या गृहस्थांसारखे.

मग ‘पठाणी’ शब्द कुठून आला? तो हवेतून आलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या फाटकाबाहेर पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभे राहणारे पठाण सावकार होते. त्यांचं व्याज जबर होतं, वसुली दांडगाईची होती. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गिरणी कामगाराला तारणाशिवाय पैसे दुसरं कोण देत होतं? खोली भाड्याची, नोकरी बदलीची, घर कोकणात. काठी हेच तिथलं तारण होतं. आणि शिवी इथेही शिवीवर थांबली नाही. फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत अफवा उठली की पठाण लहान मुलं पळवतात. दंगल झाली, माणसं मारली गेली. ज्यू मुलं पळवतात ही अफवा युरोपात शतकानुशतकं फिरत होती. दोन अफवांत एवढं साम्य बघून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

मुस्लिम वाचकांच्या मनात आलेला प्रश्न मला माहीत आहे, कारण तो अब्बांनाही विचारला जायचा. जमातीतले एक बुजुर्ग त्यांना म्हणाले होते, “व्याजाच्या वह्या लिहितोस, वर नमाजही पढतोस.” रायफायझनची संस्थाही व्याज घेत होती, कमी, पण घेत होती. अब्बा या बाबतीत वाद घालत नसत. बँकेतल्या स्वतःच्या बचतीवर जमा होणारं व्याज ते वेगळं काढून देऊन टाकत, सवाबची अपेक्षा न धरता. सोसायटीबद्दल एवढंच म्हणत की मी वह्या लिहिल्या नाहीत तर तात्या कुठे जाणार ते मला ठाऊक आहे. हे उत्तर फिकहच्या दृष्टीनं पुरेसं आहे का, हे ठरवणारा मी नव्हे. देवबंदला १९६१ पासून बिनव्याजी कर्जाचा मुस्लिम फंड चालतो, म्हणजे दुसरी वाटही आहे. पण कर्ज-ए-हसना देणाऱ्यालाही रायफायझनच्या पहिल्या पंधरा वर्षांचा हिशेब वाचावा लागेल. दोन-चार दानशूरांच्या जिवावर उभं केलेलं मंडळ किती दिवस टिकतं, ते त्यानं अनुभवून ठेवलं आहे.

आमच्या सोसायट्यांचं काय झालं ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. अमर्याद जबाबदारी कधीच गेली. एकमेकांवर नजर ठेवायची, त्याऐवजी एकमेकांचं झाकायची रीत पडली. मार्चअखेरीला जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि त्याच दिवशी नवं उचलल्याचं दाखवायचं, याला ‘नवं-जुनं’ म्हणतात. अब्बांना तो शब्द आवडत नसे, आणि करावं मात्र लागे. कर्जमाफीची घोषणा झाली की नियमित भरणारे त्यांच्याकडे येऊन बसत आणि काही न बोलता चहा पिऊन जात.

निवृत्तीनंतर अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. वाचता येईनासं झालं. सोसायटीचा वार्षिक अहवाल दरवर्षी सप्टेंबरच्या आत घरी यायचा, सभासद म्हणून. तो माझी थोरली बहीण त्यांना वाचून दाखवायची. नफा-तोटा, चेअरमनचं मनोगत, हे ते ऐकून सोडत. “आपा, मागचं पान काढ,” म्हणत. तिला ते घरातल्या सगळ्यांसारखं आपाच म्हणत. मागच्या पानावर थकबाकी असे. ती नावं वाचायची आणि ते मध्येच थांबवून विचारायचे, “तात्यांच्या मुलाचं काय लिहिलंय?”